वरणात भिजलेली रद्दी

या शनिवारचा विषय कचरा. नाकाला रुमाल लावा हवं तर, पण शेवटपर्यंत वाचा.

आपल्या पिढीला 'रिसायकल' हा शब्द भलताच आवडतो. ऑनलाइन मागवलेल्या वस्तूचं खोकं, त्याच्या आत दुसरं खोकं, त्याच्या आत फुगे असलेलं प्लॅस्टिक, आणि या सगळ्याच्या पोटात एक मोबाईलचं कव्हर! एवढा पसारा घरात येतो आणि आपण काय म्हणतो? "असू दे रे, रिसायकल होतं ते." झालं. पाप धुतलं गेलं. पूर्वी लोक त्यासाठी काशीला जायचे, आपण निळ्या डब्यापर्यंत जातो.

माझं म्हणणं एका वाक्यात सांगतो, झोंबलं तर झोंबू दे. ज्या घरात ओला कचरा सुक्याला चिकटतो, त्या घरातल्या माणसाने रिसायकलिंगवर बोलू नये. कारण त्याच्या घरात रिसायकलिंग होतच नसतं. होतं ते दुसऱ्याच कुणाच्या तरी हातांनी आणि दुसऱ्याच कुणाच्या तरी पदरमोडीतून.

आधी त्या तीन बाणांचा निकाल लावू. प्लॅस्टिकच्या डब्याखाली बाणांच्या त्रिकोणात १ ते ७ पैकी एक आकडा असतो. हा डबा पुन्हा वापरात येणारच, अशी काही ती गॅरंटी नव्हे. तो आकडा फक्त प्लॅस्टिकचा प्रकार सांगतो. १ म्हणजे पाण्याच्या बाटलीचं, ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, आणि ७ म्हणजे 'इतर', म्हणजे आमच्या ऑफिसातल्या बग ट्रॅकरमधल्या 'मिसलेनियस'सारखं, कशात बसलं नाही की टाका तिथे. जगात सुरुवातीपासून २०१५ पर्यंत जेवढा प्लॅस्टिकचा कचरा झाला, त्यातला साधारण ९ टक्केच रिसायकल झाला असा अंदाज २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या अभ्यासात मांडला होता. सुमारे १२ टक्के जाळला गेला. उरलेला ७९ टक्के डेपोत किंवा उघड्यावर.

असं का? कारण रिसायकलिंग हा धर्म नाही, धंदा आहे. भंगारवाल्याला ज्याचे पैसे मिळतात ते पुढे जातं. पाण्याची बाटली, दुधाची पिशवी, पुठ्ठा, पत्रा, काच यांना भाव आहे. चिप्सच्या चकचकीत पाकिटाला नाही, कारण त्यात प्लॅस्टिक आणि अ‍ॅल्युमिनियमचे थर एकमेकांना असे चिकटवलेले असतात की ते सोडवत बसणं कुणालाच परवडत नाही. आणि ज्याला भाव असतो, तोही कोरडा आणि स्वच्छ असेल तरच. आई दुधाची पिशवी धुऊन वाळत घालते तेव्हा पोरं हसतात. पण आपल्या घरातलं खरं रिसायकलिंग तेवढंच असतं! वरण सांडलेल्या पुठ्ठ्याला कुठल्याही भंगारच्या दुकानात कुणी विचारत नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. मी पुण्यात राहतो म्हणून पुण्याचं सांगतो. इथे बऱ्याच भागांत घरोघरी जाऊन कचरा गोळा करण्याचं काम 'स्वच्छ' ही संस्था करते. २००८ साली सुरू झालेली ही कचरावेचकांची स्वतःची सहकारी संस्था. तिच्यामागे १९९३ पासूनची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही त्यांची संघटना. यातल्या बहुतेक जणी बायका. दारात येणारी ताई दरमहा घरटी जे पैसे घेते, ते मॉलमधल्या एका कॉफीपेक्षा कमी असतात. तिची दुसरी कमाई म्हणजे आपल्या सुक्या कचऱ्यातलं भंगार विकून येणारे पैसे.

म्हणजे हिशोब बघा. तुम्ही रात्रीची उरलेली आमटी आणि सकाळची वर्तमानपत्रं एकाच पिशवीत कोंबलीत, तर तुम्ही फक्त 'पर्यावरणाचं नुकसान' वगैरे मोघम काही करत नाही. तुम्ही त्या ताईच्या त्या दिवसाच्या कमाईतून पैसे कापता. वर, तुमची दोन मिनिटं वाचावीत म्हणून तिला ती पिशवी हाताने उपसायला लावता. त्यात फुटकी काच असते, दाढीचं ब्लेड असतं, आणि कागदात न गुंडाळलेले सॅनिटरी पॅड आणि डायपर असतात. २०१३ साली पुण्यातल्या कचरावेचकांनी वापरलेले पॅड गोळा करून ते बनवणाऱ्या कंपन्यांना परत पाठवले होते. आपण अजूनही साधा वर्तमानपत्राचा कागद गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढायचे कष्ट घेत नाही. दिवसभर एसीत बसून डेटा क्लीन करायचा आणि घरचा कचरा दुसऱ्याने निवडायचा, याला काय म्हणायचं?

यावर ठरलेली उत्तरं येतात. एकेक घेऊ.

"शेवटी गाडीत सगळं एकत्रच टाकतात." काही ठिकाणी टाकतातही, मी नाही म्हणत नाही. पण हे वाक्य बोलणाऱ्यातल्या किती जणांनी सोसायटीच्या मीटिंगमध्ये हा प्रश्न विचारलाय? वॉर्ड ऑफिसात तक्रार केलीय? ज्या अ‍ॅपवरून पिझ्झा दहा मिनिटं उशिरा आला म्हणून भांडतो, त्याच फोनवरून ही तक्रार करता येते. आणि समजा गाडीत एकत्र झालंच, तरी त्याआधी ताईने विकण्याजोगं बाजूला काढलेलं असतं. ते कोरडं ठेवणं तर तुमच्याच हातात होतं ना?

"आम्ही टॅक्स भरतो." भरा की. टॅक्स कचरा उचलायचा असतो, तुमचं उष्टं निवडायचा नव्हे. कचरा घरातच ओला, सुका आणि घातक असा वेगळा करायचा, हे काम २०१६ च्या घनकचरा नियमांनी प्रत्येक घरावर टाकलं होतं. ते सफाई कामगाराच्या नावावर लिहिलेलं नाही.

"कंपन्यांनी पॅकिंग कमी करावं, आमच्या मागे का लागता?" हे मात्र मला मान्य आहे, शंभर टक्के. चिप्सच्या पाकिटाचं काय करायचं हे ते बनवणाऱ्याला विचारलंच पाहिजे, आणि त्यासाठी भांडायलाही मी येईन. पण दोडक्याची सालं कुठल्या कंपनीने बनवली? चहाचा चोथा कुठल्या मल्टिनॅशनलने तुमच्या माथी मारला? आपल्याकडच्या घरगुती कचऱ्यात वजनाने निम्म्याच्या आसपास ओलाच कचरा असतो. तो पूर्णपणे आपला. तिथे बोट दाखवायला कुणी नाही, म्हणूनच त्याबद्दल कुणी बोलत नाही. अळीमिळी गुपचिळी.

या दोडक्याच्या सालीचं पुढे काय होतं ते जरा इंजिनिअरसारखं बघू. तीच साल हवा मिळेल अशा जागी कुजली तर दीड-दोन महिन्यांत तिची माती होते. डेपोत टनावारी कचऱ्याखाली दबली की हवा मिळत नाही. मग वेगळे जीवाणू कामाला लागतात आणि मिथेन तयार होतो. शंभर वर्षांचा हिशोब धरला तर हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीसपटीहून जास्त उष्णता धरून ठेवतो. तो पेटतोही. मुंबईत १९२७ पासून कचरा टाकला जाणाऱ्या देवनारला जानेवारी २०१६ मध्ये लागलेल्या आगीचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रातही दिसला होता. शिवाय ओल्या कचऱ्याचं काळं पाणी झिरपत जमिनीत उतरतं. पुण्याजवळच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांना विचारा. त्यांच्या विहिरी यानेच नासल्या. वर्षानुवर्षं पुण्याचा कचरा त्यांच्या गावात ओतला गेला, आणि त्यांनी गाड्या अडवल्या की आपण पेपर वाचून म्हणायचो, "काय हे, शहर वेठीला धरलंय!" आपण टाकलेला वास त्यांनी घ्यायचा, आणि वेठीला धरलेले कोण, तर आपण. छान आहे.

म्हणून म्हणतो, बांबूचा टूथब्रश आणि स्टीलची स्ट्रॉ नंतर मागवा (तेही खोक्यात खोकं घालूनच येणार म्हणा! :-)). आधी ओला कचरा घराबाहेर जाणं थांबवा. यात रॉकेट सायन्स काही नाही.

दोन जुन्या बादल्या किंवा माठ घ्या, सगळीकडून भोकं पाडा. तळाला नारळाच्या शेंड्या किंवा वाळका पाला. पहिल्या दिवशी विरजणासारखं मूठभर तयार खत किंवा थोडं आंबट ताक. रोजची सालं, देठं, चहाचा चोथा, निर्माल्य बारीक करून टाका आणि प्रत्येक थरावर तेवढाच वाळका पाला किंवा भुसा पसरा. दोन-तीन दिवसांनी काठीने हलवा. सुरुवातीला तेलकट आणि मांसाहारी उष्टं टाळा. वास आला तर समजा की ओल जास्त झालीय, म्हणजे पाला वाढवा. चिलटं आली तर वरचा थर कोरडा ठेवा. नुसतंच कोरडं पडून राहिलं तर पाणी शिंपडा. एक भरली की दुसरी सुरू करा. ती भरेपर्यंत पहिलीतलं खत होत आलेलं असतं. दिवसाला पाच मिनिटं लागतात. आपण लिफ्टची वाट बघत त्याहून जास्त वेळ काढतो.

फ्लॅटमध्ये जागा नाही? मग सोसायटीत करा. एक साधं गणित मांडतो. घरटी रोज अर्धा किलो ओला कचरा धरा. दोनशे फ्लॅटची सोसायटी म्हणजे रोजचे १०० किलो, वर्षाचे ३६ टनांहून जास्त. दिवसाला शंभर किलोच्या वर कचरा करणाऱ्यांना २०१६ च्या नियमांनी 'मोठे' कचरा करणारे म्हटलं, आणि ओला कचरा शक्यतो आपल्याच आवारात जिरवा असं सांगितलं. पुणे महापालिका गांडूळखतासारख्या प्रकल्पांसाठी मालमत्ता करात सवलतही देते. आणि आपण काय करतो? बिल्डरने कागदोपत्री बांधून दिलेल्या खड्ड्यावर फरशी टाकून तिथे कुणाची तरी होंडा सिटी उभी करतो. सवलत मात्र चालू!

आपल्या सोसायटीतला तो खड्डा कुठे आहे, हे तुम्हाला माहीत आहे? नसेल तर उद्या रविवार आहे, खाली उतरून शोधा. वॉचमनला विचारा. सेक्रेटरीला विचारा, आणि तो "बघू" म्हणाला तर पुढच्या मीटिंगच्या अजेंड्यावर लेखी टाकायला लावा. चार घरं तयार झाली तरी सुरुवात होते, सगळ्या विंगचं एकमत व्हायची वाट बघत बसलात तर तुमचे नातूच ती फरशी उचलतील.

आणि निदान एवढं तर उद्याच करा: कागद, पुठ्ठा, बाटल्या एका पिशवीत, कोरड्या. पॅड, डायपर कागदात गुंडाळून वर लाल ठिपका. काच आणि ब्लेड वेगळ्या खोक्यात, त्यावर मोठ्या अक्षरात लिहून. सकाळी ताई येईल तेव्हा पिशव्या दाराबाहेर टाकून आत पळू नका. तिच्या हातात द्या आणि विचारा, "ताई, यातलं काय विकलं जातं, काय नाही?" आपण वाचलेल्या दहा लेखांत मिळून नसेल तेवढं ती दोन मिनिटांत सांगेल. हा लेखही त्यातच धरा.