डब्यातले आरोग्य आणि ताटातले स्वदेशी

केंद्र शासनाने २०१८ मध्ये देशातील मागे राहिलेल्या जिल्ह्यांची 'आकांक्षित जिल्हे' म्हणून निवड केली, तेव्हा महाराष्ट्रातून गडचिरोली, नंदुरबार आणि वाशीम यांच्या जोडीला उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव जिल्हाही त्या यादीत होता. या जिल्ह्यांची प्रगती ज्या निकषांवर मोजली जाते, त्यांत आरोग्य आणि पोषण यांना मोठे स्थान आहे. आई जगदंबेच्या या भूमीत पोषणाचा प्रश्न किती गंभीर आहे, हे सांगायला याहून वेगळ्या पुराव्याची गरज नसावी.

आणि याच जिल्ह्यातील कोणत्याही तालुक्याच्या गावी औषधाच्या दुकानात आज डोकावून पाहावे. दर्शनी फळीवर प्रथिनांच्या भुकटीचे डबे, थायरॉइडसाठी कॅप्सूल, स्त्रियांच्या संप्रेरकांचा समतोल राखणाऱ्या म्हणवल्या जाणाऱ्या गोळ्या आणि आतड्यांच्या आरोग्याची हमी देणारी पाकिटे मांडलेली दिसतील. जे दुकानात मिळत नाही ते घरपोच येते. साखळी पद्धतीने माल विकणारी मंडळी भिशीत, हळदीकुंकवाच्या कार्यक्रमात आणि नातेवाइकांच्या बैठकीत हे डबे घेऊन बसतात. केस गळतात, वजन वाढते, थकवा येतो, पाळी पुढेमागे होते, पोट साफ होत नाही. या पाचही तक्रारींवर त्यांच्यापाशी एकच उत्तर असते आणि त्याची किंमत दरमहा काही हजार रुपये असते. ज्या घरात रोज भाजीचा विचार करून खर्च केला जातो, त्या घरातून हे पैसे जातात.

या व्यापारावर स्पष्ट बोलण्याची वेळ आली आहे. विशेषतः त्यातील काही माल भगव्या वेष्टनात, 'स्वदेशी' आणि 'आयुर्वेद' या आपल्याला प्राणप्रिय असलेल्या शब्दांचा आधार घेऊन विकला जातो, म्हणून तर आपण अधिक स्पष्ट बोलले पाहिजे.

वेष्टनावरचे वाक्य वाचा

२०१६ च्या अन्नसुरक्षा नियमांनुसार अशा पूरक पदार्थांच्या वेष्टनावर ते औषधी वापरासाठी नाहीत असे छापणे बंधनकारक आहे. म्हणजे जो माल रोग बरा करतो असे सांगून विकला जातो, त्याच मालावर तो औषध नसल्याची कबुली बारीक अक्षरात दिलेली असते. आपल्या देशात १९५४ पासून औषधे आणि चमत्कारी उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्ध कायदा आहे. ज्या रोगांवर उपचाराचा दावा करून जाहिरात करता येत नाही, त्यांच्या अनुसूचीत गलगंड आहे, मासिक पाळीचे विकार आहेत आणि लठ्ठपणाही आहे. कायदा सत्तर वर्षांचा झाला. पण भिशीच्या बैठकीत तोंडी होणाऱ्या जाहिरातीपर्यंत तो कसा पोहोचणार? तिथे पोहोचण्याचे काम समाजालाच करावे लागेल.

'आयुर्वेदिक आहे, त्यामुळे अपाय नाही' हे वाक्य तर सर्वांत घातक. जे द्रव्य शरीरावर परिणाम करते ते चुकीच्या व्यक्तीला, चुकीच्या मात्रेत अपायही करते, हे आपल्या वैद्यकशास्त्राने कधीच नाकारलेले नाही. रोगी, प्रकृती, काळ आणि अग्नी पाहिल्याशिवाय औषध देऊ नये हा तर आयुर्वेदाचा पाया आहे. अश्वगंधा हे थोर औषध आहे. पण ते थायरॉइडची संप्रेरके वाढवू शकते. ज्याची ग्रंथी आधीच अतिकार्यशील आहे, त्याने ते केवळ डब्यावरचे चित्र पाहून घेणे म्हणजे आगीत तेल ओतणे. नाडी न पाहता, प्रकृती न विचारता हजारो घरांत एकच भुकटी वाटणाऱ्याने चरक-सुश्रुतांचे नाव घेऊ नये. तो त्यांचा वारस नाही, त्यांच्या नावावर धंदा करणारा आहे.

चिमूटभर आयोडीन आणि एक जुना वाद

गळ्यातील फुलपाखराच्या आकाराच्या या ग्रंथीला, अवटू ग्रंथीला, आपले संप्रेरक घडवण्यासाठी आयोडीन लागते. प्रौढ माणसाला दिवसाला साधारण १५० मायक्रोग्रॅम, गर्भवतीला त्याहून अधिक. हिमाचलातील कांगडा खोऱ्यात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून केलेल्या अभ्यासात आयोडीनयुक्त मिठाने गलगंडाचे प्रमाण उतरते हे भारतीय संशोधकांनी भारतीय भूमीवर सिद्ध केले. त्यातूनच १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम उभा राहिला.

पुढे या मिठाच्या सक्तीवरून देशात मोठा वाद झाला. साध्या मिठाच्या विक्रीवरील बंदी अटलजींच्या सरकारने २००० मध्ये उठवली आणि मनमोहन सिंग सरकारच्या काळात, २००६ मध्ये, ती पुन्हा लागू झाली. स्वदेशीवादी आणि गांधीवादी कार्यकर्त्यांनी त्या वेळी विचारलेला प्रश्न रास्त होता. छोट्या मिठागरवाल्याला बाजूला सारून मोठ्या कंपन्यांच्या पिशवीबंद मिठाला बाजार मोकळा का करून द्यावा, हा अर्थकारणाचा प्रश्न होता. मात्र त्या वादातून 'आयोडीनच नको' असा निष्कर्ष काढणाऱ्यांनी अर्थकारण आणि शरीरशास्त्र यांची गल्लत केली. गर्भारपणाच्या पहिल्या महिन्यांत बाळाच्या मेंदूची घडण आईच्या थायरॉइड संप्रेरकावर अवलंबून असते. तिथे कमतरता राहिली तर ती पुढच्या पिढीच्या बुद्धीतून वसूल होते. राष्ट्राच्या भवितव्याचा विचार करणाऱ्यांना याहून मोठे कारण कोणते हवे?

आज मध्यमवर्गीय घरांत नवी टूम निघाली आहे ती गुलाबी मिठाची. उपवासाला सैंधव वापरणे ही आपली परंपरा आहे आणि ती राहावी. पण रोजच्या स्वयंपाकातून आयोडीनयुक्त मीठ हद्दपार करून तिथे 'हिमालयीन' म्हणून मिरवणारे मीठ आणायचे आणि मग थायरॉइडसाठी आयोडीनच्या कॅप्सूल विकत घ्यायच्या, याला काय म्हणावे? हिमालयाच्या नावाने जगभर विकले जाणारे हे मीठ मुख्यतः पाकिस्तानी पंजाबातील खेवडा येथील खाणीतून निघते. पाकिस्तानातून होणारी सारी आयात भारताने मे २०२५ मध्ये बंद केली. पण त्या मिठाभोवती उभे केलेले आरोग्याचे कल्पित अजून आपल्या स्वयंपाकघरात शिल्लक आहे. उलट टोकाला, समुद्रशैवालाच्या गोळ्यांतून अमाप आयोडीन पोटात जाते आणि तेही ग्रंथीला बिघडवते. साधे, स्वस्त आयोडीनयुक्त मीठ, तेही बेताने, एवढ्यावर बहुतेक घरांचे भागते.

येळवशीच्या ताटात काय असते?

मार्गशीर्षातील वेळ अमावास्या, आपल्या बोलीतली येळवस, ही लातूर-धाराशिवची खास ओळख. त्या दिवशी गावे ओस पडतात आणि शिवारे माणसांनी फुलतात. पांडवांची पूजा होते आणि कडब्याच्या कोपीपाशी पंगती बसतात. त्या पानात असते काय? तुरीचे, हरभऱ्याचे, वाटाण्याचे ओले दाणे आणि शिवारातल्या पालेभाज्या एकत्र शिजवलेली भज्जी, सोबत उंडे, खीर आणि मडक्यातली आंबील. आंबील म्हणजे ज्वारीचे पीठ आणि ताक यांचे आंबवलेले पेय. आतड्यांतील उपकारक जिवाणूंसाठी आज जी पाकिटे विकली जातात, त्यांच्या मागची कल्पना आपल्या आजीच्या मडक्यात शतकानुशतके नांदत होती. वाग्भटाने बहुतेक रोगांचे मूळ मंदावलेल्या जाठराग्नीत पाहिले. आणि आजचे वैद्यकही आतड्यांतील जिवाणूंचा साऱ्या शरीराशी असलेला संबंध तपासते आहे.

हे ताट वर्षातून एक दिवसाचे राहिले, हे आपले खरे दुखणे आहे. सोलापूरच्या मोहोळ येथील संशोधन केंद्रात निवडलेली मालदांडी ज्वारी या भागाच्या रब्बीचा कणा होती. करडईचे तेल, जवसाची आणि कारळाची चटणी, हुरडा, ताक, चाकवत, तांदुळजा ही इथल्या ताटाची संपत्ती होती. १९७२ च्या दुष्काळात परदेशातून आलेली लाल मिलो खाऊन दिवस काढलेल्या पिढीला घरच्या ज्वारीची किंमत कळत होती. पुढे खरिपात सोयाबीन पसरले आणि जिथे पाणी मिळाले तिथे ऊस उभा राहिला. २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये आहे, म्हणजे किलोला सुमारे ५३ रुपये. तोही बाजारात हाती पडेल याची खात्री नसते. हेच सोयाबीन कारखान्यातून प्रथिनांची भुकटी होऊन परत येते, तेव्हा त्याच शेतकऱ्याची सून ते शेकड्यांनी रुपये मोजून विकत घेते. इंग्रजांनी आमचा कापूस नेला आणि कापड आमच्याच माथी मारले, हे आपण शाळेत शिकलो. हा त्याच धड्याचा पुढचा भाग नव्हे काय?

याला उत्तरही याच जिल्ह्यातून आले आहे. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर उमरगा-लोहारा परिसरात महिलांचे जे संघटन उभे राहिले, त्यातून 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेच्या साहाय्याने शेतकरी महिलांनी घरच्या जमिनीतील अर्धा-एक एकर तुकडा मागून घेतला आणि त्यावर नगदी पिकाऐवजी डाळी, धान्य आणि भाज्या पिकवल्या. आधी घरचे ताट, मग बाजार, हा त्यांचा क्रम होता. २०१७ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या विकास कार्यक्रमाच्या इक्वेटर पुरस्काराने या कामाचा सन्मान झाला. संस्थेची विचारसरणी कोणती याची चौकशी न करता तिचा कित्ता गिरवावा असे हे काम आहे.

तपासणीनंतर गोळी, भीतीपोटी डबा नव्हे

याचा अर्थ भाकरी खाऊन सारे रोग बरे होतात असा कुणी घेऊ नये. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आढळल्या. त्यांना लोहाच्या गोळीची गरज आहे आणि ती शासकीय आरोग्य केंद्रात विनामूल्य मिळते. ब-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतीत नसते. दूध-दही कमी असलेल्या शाकाहारी घरांनी ते तपासून घ्यावे आणि कमी असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी घ्यावी. थायरॉइडचे संप्रेरकच कमी पडत असेल तर त्याची रोजची गोळी हाच उपाय आहे. ती अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत असून तिची किंमत नियंत्रित आहे. ही गोळी सकाळी रिकाम्या पोटी घ्यावी. कॅल्शियम आणि लोह यांच्या गोळ्यांत तिच्यापासून चार तासांचे अंतर ठेवावे. सोयाबीनची भुकटीही तिच्यासोबत घेऊ नये. केसांसाठी म्हणून घेतले जाणारे बायोटिन तर थायरॉइडच्या रक्ततपासणीचेच आकडे चुकवते. भुकटी विकणारा यातले काही सांगतो का? तो सांगतो, 'गोळी हळूहळू बंद करा.' या एका वाक्याने गर्भवतीचे काय नुकसान होईल, याची जबाबदारी तो घेणार आहे काय?

शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ च्या शासकीय पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. कोयता घेऊन धाराशिवच्याही आयाबहिणी जातात. गर्भाशयाबरोबर अंडाशयेही काढली तर शरीरातील संप्रेरके एका दिवसात आटतात आणि हाडे अकाली ठिसूळ होतात. भीती दाखवून आधी अवयव काढायचा आणि मग भीती दाखवूनच डबा विकायचा, असा हा दुहेरी बाजार आहे. त्या भगिनींना हवी आहे विश्रांती, पोटभर डाळ-भाजी, कामाच्या जागी शौचालय आणि प्रामाणिक डॉक्टर. समतोलाचा दावा करणारी कोणतीही कॅप्सूल याची जागा घेऊ शकत नाही.

डॉ. कमला सोहोनी यांचे स्मरण इथे अपरिहार्य आहे. १९३० च्या दशकात केंब्रिजची डॉक्टरेट मिळवून ही मराठी विदुषी मायदेशी परतली. कडधान्यांतील प्रथिने आणि नीरा अशा सामान्यांच्या अन्नाचे पोषणमूल्य तिने प्रयोगशाळेत तपासले आणि पुढे ग्राहक चळवळीत उतरून भेसळीविरुद्ध लढा दिला. विज्ञान, स्वदेशी आणि ग्राहकहित यांत विरोध नाही, हे तिने आयुष्य वेचून दाखवले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत प्रथिनांच्या भुकट्या टाळण्याचा सल्ला दिला, तोही याच वाटेवरचा आहे.

कार्यकर्त्यांपुढील काम

लातूरला १९६६ मध्ये विवेकानंद रुग्णालय उभे करणाऱ्या आणि यमगरवाडीच्या माळावर भटक्या-विमुक्तांच्या लेकरांसाठी शाळा उभारणाऱ्या परंपरेला समाजाचा विश्वास हीच मोठी पुंजी लाभली आहे. ती पुंजी कुणाच्या साखळी विक्रीसाठी वापरली जाऊ नये. शाखेतील, सेवावस्तीतील, महिला मंडळातील परिचय हा डबे खपवण्याचा मार्ग नव्हे, असा निर्धार प्रत्येक नगरात व्हावा. कुटुंब प्रबोधनाच्या बैठकीत घरातील मिठाच्या पिशवीवर आयोडीनयुक्त असे छापले आहे की नाही, हा प्रश्न विचारला जावा. गर्भवती भगिनीची थायरॉइडची आणि रक्ताची तपासणी झाली का, लोहाची गोळी ती घेते का, याची चौकशी वस्तीतील कार्यकर्तीने करावी. ज्यांच्याकडे शेत आहे त्यांनी निदान घरापुरती ज्वारी, तूर आणि करडई पेरावी. ज्यांच्याकडे नाही त्यांनी ती थेट ओळखीच्या शेतकऱ्याकडून घ्यावी.

स्वदेशी ही वेष्टनावर छापायची मुद्रा नाही. ती शिवारापासून ताटापर्यंतची व्यवस्था आहे, आणि ती उभी करणे आपल्या हातात आहे. येत्या येळवशीला शेतात पंगत बसेल तेव्हा पुढच्या येळवशीपर्यंत यातले काय काय रोजच्या जेवणात येईल, याचा हिशेब प्रत्येक घराने मांडावा. डब्यांवर जाणाऱ्या पैशांचा हिशेब त्याच्या शेजारीच मांडला, तर निर्णय घेणे कठीण जाणार नाही.