पासबुकातला पैसा आणि नात्यातले उसने

खडकी हे गाव पगारावर वसलेले आहे असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. ५ नोव्हेंबर १८१७ ची लढाई इतिहासाच्या पुस्तकात गेली. पण इथल्या घरांचा खरा इतिहास सुरू होतो तो १८६९ पासून. त्या वर्षी इथे दारूगोळा कारखाना निघाला. पुढे स्फोटकांचा कारखाना आला, लष्कराचे वर्कशॉप आले, आणि खडकी बाजारापासून रेंजहिल्सच्या क्वार्टर्सपर्यंत पिढ्यान्पिढ्या माणसे महिन्याच्या पगारावर संसार करत राहिली.

बांधलेल्या पगाराच्या घराला दोन सवयी लागतात. एक साठवण्याची आणि दुसरी उसने देण्याची. पहिली सवय आपण कौतुकाने सांगतो. दुसरीबद्दल सहसा बोलत नाही. ज्याच्या घरी पहिल्या तारखेला पगार येतो, त्याच्या दारी दुसऱ्या तारखेला कुणीतरी येतेच. गावाकडचा भाऊ असतो, मेव्हणा असतो, शेजारच्या बिऱ्हाडातला सहकारी असतो. आणि निवृत्तीच्या महिन्यात तर अशा पाहुण्यांची वर्दळ वाढते. फंड, ग्रॅच्युइटी, शिल्लक रजेचे पैसे एकदम हाती येणार हे साऱ्या भाऊबंदांना ठाऊक असते.

हल्ली या मागणीला एक नवे वळण लागले आहे. पूर्वी लोक अडचण सांगून उसने मागत. आता हिशेब मांडून मागतात. "भाऊजी, तुमचे पीपीएफचे पैसे पडूनच आहेत ना? मी बँकेपेक्षा एक टक्का जास्त व्याज देतो. घरातला पैसा घरात राहील, आणि घरातल्या व्याजावर कसला आलाय कर!" ऐकायला हे पटते. त्यात खोटे काय आहे, ते मात्र कागदावर आकडे मांडल्याशिवाय दिसत नाही.

मुळात ही भुरळ पडते का, तेही समजून घेतले पाहिजे. सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी, म्हणजे आपला पीपीएफ, १९६८ साली सुरू झाला. १९८६ पासून जानेवारी २००० पर्यंत त्यावर १२ टक्के व्याज होते. त्या दराने पैसा सहा वर्षांत जवळजवळ दुप्पट होई. पुढे दर उतरत गेला आणि एप्रिल २०२० मध्ये तो ७.१ टक्क्यांवर आला. या दराने दुप्पट व्हायला दहा वर्षे लागतात. ज्यांनी बारा टक्के पाहिले आहेत त्यांना सात टक्के म्हणजे पैसा निजलेला वाटतो. निजलेला पैसा जागा करण्याचे सल्ले मग चहूकडून येऊ लागतात.

पण हे ७.१ टक्के करमुक्त आहेत, आणि तिथेच हिशेब बदलतो. पुतण्याने दिलेले व्याज नात्यातले असले तरी आयकर खात्याच्या दृष्टीने ते उत्पन्नच; त्यावर कर भरावा लागतो. तीस टक्क्यांच्या पायरीवर असलेल्या माणसाला उपकरासह ३१.२ टक्के कर पडतो. त्याला पीपीएफइतके पैसे हाती उरायला हवे असतील, तर पुतण्याने १०.३ टक्के दराने व्याज दिले पाहिजे. वीस टक्क्यांच्या पायरीवरच्याला सुमारे नऊ टक्के हवेत. ज्याला मुळात करच भरावा लागत नाही, त्याच्यासाठी ही वजाबाकी नाही हे कबूल. पण त्याच्यासाठीही मुद्दलाचा प्रश्न उरतोच. रुपी बँकेवर २०१३ साली निर्बंध आले, २०२२ साली तिचा परवाना रद्द झाला, हे पुणेकरांनी पाहिले आहे. तरी बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो. पुतण्याला दिलेल्या पैशाला कोणता विमा?

याहून महत्त्वाची गोष्ट सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. पीपीएफचे दार आतून आणि बाहेरून सारखे उघडत नाही. समजा, जुन्या खात्यातून नियमात बसणारे पाच लाख रुपये काढून तुम्ही भावाला दिले. त्याने ते वर्षभरात प्रामाणिकपणे परतही केले. पण ते पुन्हा खात्यात भरायचे तर वर्षाला दीड लाखाची मर्यादा आहे. म्हणजे पाच लाख परत आत जायला चार वर्षे हवीत, आणि त्या चार वर्षांत तुमची नेहमीची बचत त्याच मर्यादेत बसवायची. बुडवणारा माणूस पैसा घेऊन जातो हे आपल्याला कळते. पण न बुडवणारा माणूसही करमुक्ततेची जागा घेऊन जातो, हे कळत नाही. पाच लाख तिथेच राहिले असते, तर ७.१ टक्क्यांनी दहा वर्षांत ते ९ लाख ९० हजारांच्या पुढे गेले असते.

मग नात्यात, ओळखीत पैसे देऊच नयेत काय? तसे म्हणणे माणुसकीला धरून होणार नाही, आणि खरेही होणार नाही. भिशीवर किती घरांची लग्ने आणि फ्रीज उभे राहिले आहेत ते खडकीला सांगायला नको. पगारदारांच्या पतपेढ्या म्हणजे तरी दुसरे काय? एका कामगाराची बचत दुसऱ्याला कर्ज म्हणून जाते. पण त्या व्यवहाराची बांधणी पाहा. देणारा एकटा नसतो. घेणाऱ्याला दोन जामीनदार द्यावे लागतात. हप्ता पगारातून परस्पर कापला जातो. आणि कागद असतो. पतपेढीत विश्वास असतोच, पण तो एकटा सोडलेला नसतो. घरातल्या उसनवारीत मात्र आपण विश्वास तेवढा घेतो आणि बाकीचे सारे संकोचापोटी सोडून देतो.

आता हीच उसनवारी संगणकावरून, अनोळखी माणसांत होऊ लागली आहे. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०१७ मध्ये अशा कंपन्यांसाठी नियम केले. एका कर्जदाराला एका माणसाने ५० हजारांहून अधिक देऊ नये, कर्जाची मुदत ३६ महिन्यांपलीकडे नसावी, वगैरे. तरीही काही ठिकाणी हा व्यवहार मुदत ठेवीसारखा, हवे तेव्हा पैसे परत अशा थाटात विकला जाऊ लागला. तेव्हा ऑगस्ट २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेला नियम आणखी आवळावे लागले: खात्रीच्या परताव्याची भाषा नको, बुडालेल्या कर्जाचा भार देणाऱ्यावरच. साधा हिशेब करा. बारा टक्के व्याज ठरले आणि शंभरातले चार रुपये मुद्दलासकट बुडाले. उरलेल्या ९६ रुपयांवर साडेअकरा रुपये व्याज आले, त्यावर ३१.२ टक्के कर गेला. बुडालेले चार रुपये त्या व्याजातून करासाठी वजा करता येत नाहीत. हाती उरले जेमतेम चार रुपये. पोस्टातल्या निजलेल्या पैशाने त्याच काळात सात कमावले.

आपल्याकडे करमुक्त खात्यातून अशी कर्जे देण्याची सोय नाही, आणि ते बरेच आहे. ज्यांची मुले इंग्लंडात आहेत त्यांनी तिथल्या 'आयसा' या करमुक्त खात्याचे नाव ऐकले असेल. एप्रिल २०१६ पासून तिथे अशा खात्यातून थेट माणसांना आणि धंद्यांना कर्ज देण्याची मुभा मिळाली. मे २०१९ मध्ये 'लेंडी' ही या धंद्यातली कंपनी कोसळली, आणि सामान्य बचतदारांचे पैसे अडकले. त्याच वर्षाच्या जानेवारीत 'लंडन कॅपिटल अँड फायनान्स' ही दुसरी कंपनी बुडाली. तिने आपले रोखे नियमात बसत नसताना करमुक्त म्हणून विकले होते. अकरा हजारांहून अधिक लोकांचे सुमारे २३ कोटी ७० लाख पौंड त्यात होते. करमुक्त हा शब्द ऐकला की माणसाला ते सुरक्षितही वाटते. प्रत्यक्षात तो शब्द फक्त व्याजावरच्या कराबद्दल बोलतो. मुद्दल परत येईल की नाही याबद्दल काहीच बोलत नाही. पीपीएफमध्ये या दोन गोष्टी एकत्र नांदतात, कारण मागे सरकार आहे. तो योग इतरत्र गृहीत धरता येत नाही.

म्हणून कुटुंबाच्या पैशाचे दोन डबे करावेत आणि एकाचे झाकण दुसऱ्यासाठी उघडू नये. पहिल्या डब्यात पती-पत्नींचे वेगवेगळे पीपीएफ खाते. प्रत्येकाची मर्यादा दीड लाख. अज्ञान मुलाचे खाते मात्र पालकाच्या मर्यादेतच धरले जाते. दहा वर्षांच्या आतली मुलगी असेल, तर २०१५ साली निघालेली सुकन्या समृद्धी योजना. तिचा दर जानेवारी २०२४ मध्ये ८.२ टक्के झाला. एकत्र कुटुंबाच्या नावाने पीपीएफ खाते मे २००५ पासून उघडता येत नाही. खाते ज्याचे त्याचे असते, आणि ते तसेच मानावे. घरच्या कर्त्याने भावाची नड भागवण्यासाठी पहिला हात बायकोच्या खात्याला घालावा, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. तिला विचारले जाते, पण ती नाही म्हणू शकेल असे विचारले जात नाही.

स्वतःची नड असेल तर खात्यातच सोय आहे. तिसऱ्या ते सहाव्या वर्षात शिलकीच्या काही भागावर एक टक्का जादा दराने कर्ज मिळते. पुढे रक्कम काढता येते. गंभीर आजारासाठी किंवा उच्च शिक्षणासाठी पाच वर्षांनंतर खाते बंदही करता येते.

दुसरा डबा देण्याघेण्याचा. त्यात तेवढेच ठेवावे जे परत आले नाही तरी घरातली चूल आणि मुलांची फी अडणार नाही. त्यातून देताना चार गोष्टी पाळाव्यात. वीस हजार किंवा अधिक रक्कम रोखीने देऊ-घेऊ नये. कायद्याला ते मंजूर नाही. रक्कम, व्याज आणि परतीची तारीख एका कागदावर लिहून सही घ्यावी. उसन्या पैशासाठी दावा लावायची मुदत साधारण तीन वर्षांची असते. ती संपण्याआधी देणे मान्य असल्याचे पुन्हा लिहून घ्यावे. आणि घरात दुसऱ्या कुणाला तरी हे ठाऊक असावे. वडिलांनी कुणाला किती दिले हे मुलांना तेराव्यानंतर कळणे, हे अनेक घरांतल्या अबोल्याचे मूळ आहे. नात्यात कागद करायला लाज वाटते म्हणावे, तर ज्याला कागदावर सही करायला लाज वाटते त्याला मदत म्हणून द्यावे आणि विसरावे. इस्पितळाच्या बिलासाठी आलेल्या भावाला व्याजाचा दर सांगण्यापेक्षा तेच शोभून दिसते.

पीपीएफचे पैसे सहज काढता येत नाहीत, अशी तक्रार आपण नेहमी करतो. आर्जवी नातेवाइकासमोर बसलेल्या भिडस्त माणसाला मात्र तीच अट वाचवते. "पैसे पोस्टात अडकलेत हो," एवढे एक वाक्य त्याला नाते न तोडता नाही म्हणू देते. ही सोय ७.१ टक्क्यांच्या वर जमा धरावी.