स्वयंपूर्ण झोपडीचा संडास कोण उपसणार?

शहरातल्या पैसेवाल्यांना सध्या झोपडीचा उमाळा आलाय. कर्जत घ्या, मुळशी घ्या, पवना घ्या, भंडारदरा घ्या. मातीच्या भिंती, गवती छपरं, वर सोलरचं पॅनल आणि फाटकावर पाटी : ‘निसर्गस्नेही, स्वयंपूर्ण’. ज्या भिंतींच्या आडोशाला आमच्या आज्या-पणज्यांनी जन्म काढला, ती भिंत सरकारी फॉर्मात ‘कच्चं घर’. तीच भिंत यांच्या फाटकाच्या आत गेली की ‘रिट्रीट’!

मी एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढतो. असल्या केबिनींचे नकाशे माझ्या हाताखालून गेलेत. तेव्हा मी बाहेरून दगड मारत नाहीये. आतली मापं ठाऊक आहेत म्हणून बोलतोय.

आधी एक गोष्ट साफ करू. मातीशी आपलं वैर नाही. मातीचं बांधकाम शहाणं बांधकाम आहे. दीड फुटाची मातीची भिंत दिवसभराचं ऊन पोटात घेते, ते आत पोचेस्तोवर रात्र होते. दगडाचं जोतं दीड-दोन फूट, छपराच्या वळचणी भिंतीबाहेर दोन-तीन फूट, एवढं केलं की घाटातला पाऊसही ती भिंत सोसते. कारवीचा कुड आणि वर शेणमातीचा लेप, ही कातकऱ्यांची विद्या. ती कुठल्या कॉलेजातून आलेली नाही. लॉरी बेकर १९४५ साली इंग्लंडहून कुष्ठरोग्यांच्या दवाखान्यांच्या बांधकामासाठी इथं आला, ही विद्या पिथौरागडच्या डोंगरी घरांकडून शिकला आणि तसं कबूलही केलं. आमचे साहेबलोक कबूलसुद्धा करत नाहीत.

हा नाद जुना आहे. या सगळ्यांचा आद्य गुरू अमेरिकेतला थोरो. १८४५ साली वॉल्डन तळ्याकाठी त्याने १० बाय १५ फुटांची झोपडी बांधली. खर्च २८ डॉलर साडेबारा सेंट. जमीन दोस्ताची, एमर्सनची. आणि फळ्या? रेल्वेवर राबणाऱ्या एका आयरिश मजुराची खोपटी त्याने सव्वाचार डॉलरला विकत घेतली, मजुराचं कुटुंब पहाटे बाहेर पडलं आणि याने ती उकलून फळ्या गाड्यावर लादल्या. हे त्याने स्वतःच पुस्तकात लिहून ठेवलंय. जग त्यातला एकांत वाचतं. आपण ते खोपटं वाचायचं. आणि माप बघा : थोरोची झोपडी १५० चौरस फूट, एका माणसाला. बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फूट, तीत दोन-दोन पिढ्यांचे संसार झाले. तिला कुणी साधी राहणी म्हटलं नाही.

आता ‘स्वयंपूर्ण’ म्हणजे काय, ते हिशोबाने बघू. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. छप्पर ४० मीटरचं, घाटमाथ्याचा पाऊस ३००० मिलिमीटर, तर १ लाख २० हजार लिटर. पाचवा हिस्सा वाया धरा, ९६ हजार उरतात. दोन माणसांना रोज १०० लिटर म्हटलं तर ऑक्टोबर ते मेपर्यंत २४ हजार लिटरची टाकी पुरते. फक्त छप्पर कौलाचं किंवा पत्र्याचं हवं, गवतावरून आलेलं पाणी पिण्याजोगं राहत नाही. म्हणजे खरी स्वयंपूर्ण झोपडी बांधता येते. बोअर मारायची गरज नाही. पण हे लोक शेजारी दहा बाय पाच मीटरचा पोहायचा तलाव खणतात. सव्वा मीटरला जरा कमी खोल धरला तरी ६० हजार लिटर. त्याच हिशोबाने दोन माणसांचं ६०० दिवसांचं पाणी! मग बोअर येते. आणि एप्रिलमध्ये खालच्या वाडीतल्या बाया हंडे घेऊन टँकरची वाट बघतात. चवदार तळ्याचा १९२७चा सत्याग्रह आपल्याला पाठ आहे. पाणी आता विटाळाच्या नावाने अडवत नाहीत, बोअरने अडवतात. हंडा रिकामाच.

आता असली मुद्दा, संडास. केबिनीला गटार नाही, म्हणून ‘कंपोस्ट टॉयलेट’. नकाशात मी एक पेटी काढली होती, बसायच्या जागेखाली. मिटिंगमध्ये विचारलं, ही भरली की उपसणार कोण? मालक म्हणाला, ‘लोकल माणूस ठेवू.’ दोस्तहो, या ‘लोकल माणसा’ची जात सांगायला तुम्हाला पंचांग लागत नाही.

२०१३चा कायदा काय म्हणतो? मैला पूर्ण कुजायच्या आत माणसाला हाताने उपसावा लागतो, तो संडास अस्वच्छ संडास. दर महिन्याला उपसायची पेटी त्यात बसते, मग तिच्यावर हिरव्या पानाचं चित्र काढा नाहीतर काहीही. उपाय अवघड नाही. दोन खड्ड्यांचा संडास आपल्या देशात १९७० नंतर बिंदेश्वर पाठकांच्या सुलभने सर्वदूर नेला. एक खड्डा भरला की बंद, दुसरा चालू. बंद खड्डा दीड-दोन वर्षं तसाच ठेवला की आत उरतं ते खत, मैला नव्हे. जागा थोडी जास्त, खड्डे विहिरीपासून लांब, बस्स. तरी पेटीच पाहिजे, कारण पेटी स्वस्त आणि माणूस त्याहून स्वस्त.

स्वयंपूर्ण गाव हे याच पेटीवर उभं होतं. बारा बलुतेदारांच्या बळावर आणि गावकुसाबाहेरच्यांच्या पाठीवर. ४ नोव्हेंबर १९४८ला संविधान सभेत बाबासाहेबांनी खेड्याच्या गोडव्यांचे वाभाडे काढले ते उगाच नाही. ज्या झोपडीत मालक स्वतःचा मैला, स्वतःचं पाणी, स्वतःचं सारवण निस्तरत नाही, ती स्वयंपूर्ण नाही. ती परपूर्ण आहे. दुसऱ्याच्या घामाने पूर्ण.

म्हणून आपल्यातले जे आज आयटीआयमध्ये, आर्किटेक्चरला, साइटवर सुपरवायझर म्हणून आहेत, त्यांना माझं सांगणं आहे. नोकरी सोडू नका. नकाशावरच भांडा. पेटीच्या जागी दोन खड्डे काढा. टाकीचा हिशोब लिहा आणि बोअरवर काट मारा. दरवर्षीच्या सारवणाची मजुरी देखभालीच्या खर्चात धरा, कागदावर, आकड्यात. कुड विणणाऱ्या कातकऱ्याला मिस्त्रीची हजेरी मागा, बिगाऱ्याची नको. आणि त्याच्या वाडीखालची जमीन अजून कुणाच्या नावावर आहे, ते तलाठ्याकडे जाऊन बघा. बऱ्याच ठिकाणी ती त्याच्या नावावर नाही. मालकाला परवडणार नसेल, तर त्याने खुशाल पक्क्या घरात राहावं. आम्हालाही तेच हवंय.