इन्सुलिनचा डबा आणि उष्णतेची गळती

परवा ओपीडीत असल्फ्याच्या टेकडीवरून आलेल्या आजोबांनी मोबाइल पुढे केला. ‘डॉक्टर, हा डबा घेऊ का?’ चार्जरवर चालणारा, कॉम्प्रेसर नसलेला, इन्सुलिनसाठीचा इवलासा फ्रिज. आजोबांची खोली पत्र्याची, फ्रिज शेजारणीकडे. प्रश्न रास्त होता. ‘विनाकॉम्प्रेसर फ्रिजसाठी नवा पदार्थ’ अशा बातम्याही हल्ली येत असतात.

या डब्यात पेल्टिए चकती असते. वीज सोडली की तिची एक बाजू गार होते, दुसरी गरम. १८३४ पासून माहीत असलेली ही गोष्ट. अडचण एवढीच, की चकतीतला पदार्थ उष्णताही वाहून नेतो, आणि बाहेर काढलेली उष्णता मागच्या दाराने परत येते. म्हणून वीज सहज वाहू देणारा पण उष्णतेला अडवणारा पदार्थ हवा.

स्फटिकाची रचना बदलते त्या सुमारास हे साधते. जर्मेनियम टेल्युराइडमध्ये हा बदल साधारण ४३० अंश सेल्सिअसला होतो. तेव्हा अणूंची पकड सैल पडते आणि उष्णता नेणारी कंपने विखुरतात. बेंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू केंद्रातील कनिष्क बिस्वास यांच्या गटाने या पदार्थावर बरेच काम केले आहे.

मात्र रचना बदलताना पदार्थ जादा उष्णता पोटात घेतो. ती हिशेबात धरली नाही, तर उष्णतावहन आहे त्याहून कमी दिसते. कॉपर सेलेनाइडच्या आकड्यांवरून असाच वाद झाला होता. शिवाय वारंवार रचना बदलली की तडे जाण्याची भीती. आणि ४३० अंशांना गुण दाखवणारा पदार्थ भट्टीच्या वाया जाणाऱ्या उष्णतेपासून वीज करायला बरा. आजोबांच्या डब्याला त्याचा काय उपयोग?

पत्र्याखाली ३९ अंश असताना साधा डबा वीस अंश खाली गेला, तरी आत १९ अंश. न उघडलेल्या इन्सुलिनला २ ते ८ अंश लागतात. त्या कुप्या शेजारणीच्याच फ्रिजमध्ये, फ्रीझरपासून लांब ठेवायला सांगितल्या. गोठलेले इन्सुलिन फेकूनच द्यावे लागते. चालू कुपी कोरड्या डबीत घालून ओल्या मडक्यात. आपल्या दमट हवेत मडके नागपूरइतके गार होत नाही, पण बहुतेक चालू कुप्या ३० अंशांच्या आत चारेक आठवडे टिकतात. लेबल मात्र वाचायचे.

डब्याचे पैसे साखर तपासायच्या पट्ट्यांना ठेवा, असे म्हटल्यावर आजोबांनी मोबाइल खिशात टाकला.