हक्कसोडपत्र नसलेला वारसा

बँकेत असताना वारसांची प्रकरणे माझ्या टेबलावर नेहमी येत. खातेदार गेला की मुले, पुतणे कागदपत्रे घेऊन समोर बसत. ज्याला वाटा नको असे, तो हक्कसोडपत्र करून मोकळा होई. पण एक वारसा असा आहे की, तो नाकारता येत नाही. आणि तो आपल्याकडे आला आहे, हे पुष्कळदा ठाऊकही नसते.

माझ्या एका जुन्या सहकाऱ्यांच्या मुलीला छत्तिसाव्या वर्षी स्तनाचा कर्करोग झाला. घरात आणखी कोणाला होता का, असे डॉक्टरांनी विचारले. ‘हिच्या आईकडे कोणालाच नाही,’ असे ते ठामपणे म्हणाले. ‘आणि तुमच्याकडे?’ या प्रश्नावर मात्र गप्प झाले. त्यांच्या दोन थोरल्या बहिणी पन्नाशीच्या आत गेल्या होत्या. एकीचा आजार नातेवाइकांत ‘पोटाचा विकार’ म्हणूनच सांगितला गेला. धाकट्यांची लग्ने व्हायची होती ना!

स्तनाच्या आनुवंशिक कर्करोगाशी संबंधित एक जनुक सतराव्या गुणसूत्रावर आहे, हे अमेरिकेच्या मेरी-क्लेअर किंग यांनी १९९० साली दाखवले. ‘बीआरसीए-१’ हा तो जनुक १९९४ मध्ये हाती लागला. पुढच्याच वर्षी ‘बीआरसीए-२’. हे जनुक खरे तर आपले रखवालदार. पेशीतल्या डीएनएची मोडतोड ते दुरुस्त करतात. त्यांतच जन्मतः बिघाड असला, तर स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका बराच वाढतो. हा बिघाड आईकडून येतो तसाच वडिलांकडूनही येतो. मुलगा असो वा मुलगी, प्रत्येक अपत्याकडे तो जाण्याची शक्यता निम्मी.

घाबरून जाऊ नये. शंभर कर्करोगांपैकी जेमतेम पाच ते दहा असे आनुवंशिक असतात. शिवाय बिघाड असलेल्या प्रत्येकाला रोग होतोच असे नाही. मात्र आगाऊ कळले, तर तपासण्या लवकर सुरू करता येतात, शस्त्रक्रियेचा विचार करता येतो. अभिनेत्री अँजेलिना जोली यांनी २०१३ साली तो निर्णय जाहीरपणे सांगितला होता.

म्हणूनच रक्त देण्याआधी समुपदेशकाशी बोलावे. तो तीन पिढ्यांचा वंशवृक्ष काढतो. शक्यतो आजारी व्यक्तीची तपासणी आधी करतो, म्हणजे नेमके काय शोधायचे ते इतरांना कळते. निकाल जाणून न घेण्याचा हक्कही समजावून सांगतो.

लोक लपवतात, त्यालाही कारणे आहेत. लग्नाची काळजी आहे, विम्याची आहे. अमेरिकेने २००८ साली जनुकीय माहितीवरून आरोग्यविमा आणि नोकरी यांत भेदभाव करण्यास कायद्याने बंदी केली. आपल्याकडे असा स्वतंत्र कायदा नाही. तो व्हायला हवा. पण तोवर घराने गप्प बसावे काय? आपल्या कुलवृत्तांतांत कोण कोठे दत्तक गेला याची नोंद सापडते. लेकी-सुना कशाने गेल्या, याची क्वचितच.

मुलीच्या तपासणीत बिघाड सापडला. तो वडिलांकडूनच आलेला निघाला. भाच्यांना फोन करायला माझ्या सहकाऱ्यांना आठ दिवस लागले. थोरली भाची सगळे ऐकून घेऊन एवढेच म्हणाली, ‘मामा, आईला काय झालं होतं, हे तेव्हाच का नाही सांगितलंत?’

पुढच्या आठवड्यात ती तपासणीला गेली. मामा सोबत होते.