पाणथळ जागेवरचे गार्डन हॉटेल : तोरणमाळने पुण्याची वाट धरू नये

पाण्याखाली जाणारी जमीन म्हणजे काय, हे धडगाव तालुक्याला कोणी शिकवायला नको. सरदार सरोवराच्या पाण्याने अक्राणी (धडगाव) आणि अक्कलकुवा या दोन तालुक्यांतील ३३ गावांना झळ लावली. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये ते धरण प्रथमच १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीपर्यंत भरले. आता त्याच तालुक्यात पाण्याकडे दुसऱ्या नजरेने पाहिले जात आहे. तोरणमाळचा यशवंत तलाव, कमळ तलाव, सीताखाईचा धबधबा आणि भुषा येथील नर्मदेचा फुगवटा ही सगळी ठिकाणे पर्यटनाच्या नकाशावर आली आहेत. पर्यटक आले की हॉटेल येणार, आणि पाणी दिसत असले की ‘गार्डन हॉटेल’ येणार. याला विरोध करण्याचे कारण नाही. मात्र ते कोठे व्हावे आणि कोणाचे असावे, हे दोन प्रश्न पहिली वीट बसण्यापूर्वीच सुटले पाहिजेत.

गार्डन हॉटेलचा धंदा आपल्याकडे कसा वाढला, हे आधी पाहू. ओढ्याकाठची, तळ्याकाठची चिबड जमीन पिकाला निकामी समजली जाते, म्हणून ती स्वस्त मिळते. मालक तिच्यावर मुरूम टाकतो, हिरवळ लावतो, झाडांना दिव्यांच्या माळा बांधतो. प्रथम कापडी मंडप असतो. मग पत्र्याची शेड येते, मग विटांचे स्वयंपाकघर, मग लग्नाचा हॉल. प्रत्येक टप्पा आधीच्या टप्प्याच्या आड लपतो. पाच-सात वर्षांनी पाहावे तर जेथे पावसाळ्यात पाणी पसरत होते तेथे गाड्या उभ्या असतात, आणि पाणी शेजाऱ्याच्या घरात गेलेले असते.

पुण्यात मुठा नदीच्या काठी नेमके हेच घडले. म्हात्रे पूल ते राजाराम पूल या दरम्यानच्या डीपी रस्त्यालगत नदीकाठच्या पट्ट्यात लॉन्स, मंगल कार्यालये आणि गार्डन हॉटेले उभी राहिली. हा भाग नदीच्या निळ्या पूररेषेत येतो. साधारणपणे २५ वर्षांतून एकदा येणारा पूर जेथपर्यंत पोहोचतो ती निळी रेषा, आणि १०० वर्षांतून एकदा येणारा पूर जेथपर्यंत पोहोचतो ती लाल रेषा. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला परवानगी नसते. तरीही अनेक वर्षे लग्ने लागत राहिली, पंगती उठत राहिल्या. नागरिक राष्ट्रीय हरित लवादाकडे गेले, आणि लवादाच्या आदेशानंतर २०२४ मध्ये महापालिकेने तेथील बांधकामांवर बुलडोझर चालवला. त्याच वर्षी २५ जुलै रोजी खडकवासला धरणातून मोठा विसर्ग झाला आणि सिंहगड रस्त्यावरील एकता नगरीत घराघरांत पाणी शिरले. मदतीला लष्कर बोलवावे लागले. निळी रेषा केवळ कागदावरची नसते, ती नदीच्या स्मरणातली असते, हे ज्या शहराने १९६१ चा पानशेतचा प्रलय पाहिला त्यालाही पुन्हा शिकावे लागले.

येथे धंद्याचा हिशेब पाहा. ज्याचे हॉटेल पाडले गेले त्याची हिरवळ, फर्निचर, कर्ज आणि नाव सगळे बुडाले. त्याच्याकडचे आचारी, वाढपी, भांडी घासणाऱ्या बाया, मांडववाले आणि फुलवाले यांचा रोजगार एका दिवसात गेला. या गरिबांनी कोणतीही रेषा ओलांडली नव्हती. स्वस्तात मिळालेली जागा अशी सर्वांत महाग पडते.

यावर काही जण नागपूरच्या फुटाळा तलावाकडे बोट दाखवतात. भोसलेकालीन असलेल्या या तलावात संगीत कारंजे, काठावर प्रेक्षक गॅलरी, पाण्यावर तरंगते उपाहारगृह असा प्रकल्प आखला गेला आणि त्याविरुद्ध पर्यावरणवादी न्यायालयात गेले. ७ ऑक्टोबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने याचिका फेटाळली. फुटाळा हा मानवनिर्मित तलाव असल्याने २०१७ च्या पाणथळ जागा नियमांतील व्याख्येत तो बसत नाही, असा निर्णय झाला. हा निकाल वाचून ‘तलाव माणसाने बांधलेला असला की रान मोकळे’ असा अर्थ कोणी काढेल तर तो फसेल. मुंबई उच्च न्यायालयाने आपल्या निकालात तलावात कायमस्वरूपी बांधकाम होऊ नये आणि पाणी स्वच्छ राहावे असे बजावले होते, आणि सर्वोच्च न्यायालयाने तोच निकाल कायम ठेवला. व्याख्येतून तलाव सुटला, जबाबदारीतून कोणी सुटले नाही.

याच न्यायालयाने १९९६ मध्ये हिमाचल प्रदेशातील बियास नदीकाठच्या एका मोटेलच्या प्रकरणात एक मोठे तत्त्व सांगितले आहे. तेथे मोटेल वाचवण्यासाठी चक्क नदीचा प्रवाह वळवण्याचे काम झाले होते. न्यायालयाने जमिनीचा भाडेपट्टा रद्द केला आणि सांगितले की नदी, वन, हवा यांचे सरकार मालक नसून विश्वस्त आहे. आपल्या बोलीत सांगायचे तर ती अमानत आहे. अमानत भाड्याने देता येत नाही आणि घेताही येत नाही.

मग पाण्याकाठी धंदाच करू नये काय? जरूर करावा, आणि तो कसा करावा याची उदाहरणे महाराष्ट्रातच आहेत. नाशिक जिल्ह्यातील नांदूर मधमेश्वर हा गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरील बंधाऱ्याने तयार झालेला पाणसाठा आहे. तोही माणसाने बांधलेलाच आहे. तरीही २०२० मध्ये तो महाराष्ट्राचे पहिले रामसर स्थळ म्हणून जाहीर झाला. तेथे निरीक्षण मनोरे आहेत आणि गावची मुले पक्षी दाखवण्याचे काम करतात. उजनीच्या फुगवट्यावर भिगवण-कुंभारगाव येथे रोहित पक्षी पाहायला हिवाळ्यात लोक येतात. मच्छीमार त्यांना आपल्या होडीतून फिरवतात आणि घरी मासळीची थाळी वाढतात. येथे पाणी हेच भांडवल आहे. त्यात कोणी भराव टाकला तर पक्षी जातील, आणि पक्ष्यांमागे गिऱ्हाईक जाईल. पुण्याच्या लॉनवाल्याला नदी अडचण वाटत होती, भिगवणच्या होडीवाल्याला पाणी अन्नदाता वाटते. दोन्ही धंदे पाण्याकाठचेच आहेत, बरकत मात्र एकातच राहिली.

आता पुन्हा धडगावकडे येऊ. हा अनुसूचित क्षेत्रातील तालुका आहे. आदिवासींची जमीन बिगर आदिवासीने विकत किंवा भाड्याने घेणे, महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ व ३६-अ प्रमाणे पूर्वपरवानगीशिवाय बेकायदेशीर आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील लघु जलसाठ्यांचे नियोजन व व्यवस्थापन पंचायतींकडे सोपवले आहे, आणि राज्याचे त्यासंबंधीचे नियम २०१४ मध्ये झाले आहेत. असे असताना बाहेरचा पैसा आणि गावातल्या एखाद्या आदिवासी बांधवाचे नाव अशी जोडी जमवून पाण्याकाठी हॉटेल बांधण्याचा मोह काहींना होणारच. बेनामी व्यवहारात जमीन जप्त होऊ शकते, हा झाला कायद्याचा धाक. त्याहून मोठी गोष्ट अशी की धरणाने ज्यांची शेते नेली, त्यांच्याच उरलेल्या पाण्यावर दुसऱ्याने खुर्च्या मांडणे हा न्याय नव्हे.

फुगवट्याचा धोका तर आणखी वेगळा आहे. उन्हाळ्यात पातळी उतरते, गाळाची सपाट जमीन उघडी पडते आणि ती मोकळी, बिनमालकाची भासते. ती मोकळी नाही. पावसाळ्यात पाणी आपली जागा मागायला परत येते.

म्हणून सूचना अशी की तोरणमाळला आणि भुषाला जे उपाहारगृह व्हायचे ते ग्रामसभेच्या ठरावाने, स्थानिक बचत गटांच्या किंवा सहकारी संस्थेच्या मालकीने व्हावे. २०१७ च्या नियमांनी पाणथळ जागेच्या सरासरी कमाल पूरपातळीपासून ५० मीटरच्या आत कायमचे बांधकाम मना केले आहे. एखादे तळे त्या व्याख्येत बसो वा न बसो, गावाने हे अंतर स्वतःहून पाळावे. सांडपाणी एक थेंबही तलावात जाऊ नये. ताटात भाकरी, डाळ आणि डोंगरचा रानमेवा असावा, आणि पर्यटकाने जाताना धडगावचे आमचूर स्थानिक बाईच्या हातून, योग्य भावाने विकत घ्यावे.

शहादा, तळोदा, नंदुरबारच्या आपल्या व्यापारी बांधवांनाही यात भरपूर काम आहे. किराणा, भांडी, गाद्या, सौर दिवे, वाहतूक आणि आचाऱ्यांचे प्रशिक्षण हे सगळे कोणाला तरी पुरवावेच लागेल. जमिनीचा मालक न होताही चोख माल आणि चोख हिशेब यांवर माणूस पिढ्यान्‌पिढ्या धंदा करू शकतो.

आणि जो कोणी महाराष्ट्रात अन्यत्र पाण्याकाठची जागा घेऊ पाहत असेल त्याने विसार देण्यापूर्वी सातबारा, फेरफार, गावनकाशा आणि पाटबंधारे खात्याची पूररेषा पाहावी. एवढे झाल्यावर गावातल्या सर्वांत वृद्ध माणसाला एकच विचारावे, ‘बाबा, तुमच्या आठवणीत पाणी कोठपर्यंत आले होते?’ तो जेथे बोट दाखवील, त्याच्या वर आपली चूल मांडावी.