मोफत, मुक्त आणि आपल्या स्वाधीन

काशीच्या पंचगंगा घाटाचा परिसर महाराष्ट्राला परका नाही. घाटावरील बिंदुमाधवाचे देवालय, अहिल्याबाई होळकरांच्या नावाशी जोडला गेलेला दगडी ‘हजारा’ दीपस्तंभ आणि लगतच्या दुर्गाघाट-ब्रह्माघाटावर पिढ्यान्‌पिढ्या नांदत आलेली महाराष्ट्रीय घराणी यांची साक्ष त्यास पुरेशी आहे. अशा दूरदेशीच्या वस्तीत भाषा टिकते ती घरातील बोलण्यावर, आणि तितकीच लहानमोठ्या संस्थांच्या कागदांवर. सभेचे इतिवृत्त, उत्सवाचा जमाखर्च, निमंत्रणपत्रिका, स्मरणिका, पाठशाळेची टिपणे ही त्या वस्तीची स्मृती होय. हे सारे आज संगणकावर लिहिले जाते. म्हणूनच लेखनाची संगणकप्रणाली पैसे मोजून घ्यावी की मोफत मिळणारी वापरावी, हा प्रश्न वरवर हिशेबाचा दिसला तरी मुळात सांस्कृतिक आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

या प्रश्नाची चर्चा बहुधा दोन मुद्द्यांभोवती फिरते. पहिला किमतीचा. मायक्रोसॉफ्ट ऑफिस एकदा विकत घेतले की काम भागले, ही समजूत आता पुरी पडत नाही. वार्षिक वर्गणीची पद्धत रूढ झाली आहे. आणि ज्यांनी एकरकमी मोल देऊन २०१६ किंवा २०१९ ची आवृत्ती घेतली, त्यांचा आधार कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी काढून घेतला. प्रणाली चालते, परंतु तिच्यातील दोषांची दुरुस्ती होत नाही. दुसरा मुद्दा पडद्यावरील मांडणीचा. २००७ च्या आवृत्तीत वर्षानुवर्षे सरावाची झालेली मेन्यूंची ओळ जाऊन तिच्या जागी ‘रिबन’ नावाचा पट्टा आला. टंकलेखकाचे ज्ञान डोक्यापेक्षा बोटांत अधिक असते. ते ज्ञान एका दिवसात निरुपयोगी होते, तेव्हा त्याचे मोल कोणत्याही पावतीवर लिहिले जात नाही. पण ते द्यावे लागतेच.

याच्या उलट बाजूस लिबरऑफिस आहे. सन कंपनीने २००० साली आपल्या प्रणालीची मूळ संहिता खुली केली. तीतून ओपनऑफिस झाले आणि २०१० मध्ये त्यापासून लिबरऑफिस वेगळे निघाले. त्यातही मांडणी बदलली नाही असे नाही. २०१९ च्या ६.२ आवृत्तीत रिबनसारखी पट्ट्यांची मांडणी आली. परंतु ती पर्याय म्हणून आली. जुने मेन्यू ज्यांना हवे त्यांच्यासाठी जागच्या जागी राहिले. बदल कोणास चुकला आहे? तक्रार बदलाची नसून संमतीची आहे. ज्याच्या घरात फेरबदल व्हावयाचा, त्याला विचारले गेले की नाही, हा खरा प्रश्न.

येथे मराठी भाषा आपल्याला इंग्रजीहून अधिक नेमके बोलू देते. इंग्रजीत एकच शब्द फुकट आणि स्वतंत्र या दोन्ही अर्थांचे ओझे वाहतो. आपल्याकडे ‘मोफत’ आणि ‘मुक्त’ हे दोन शब्द निराळे आहेत. मोफत वस्तू उद्या विकाऊ होऊ शकते. मुक्त वस्तूची प्रत काढण्याचा, ती दुसऱ्यास देण्याचा आणि तीत सुधारणा करण्याचा अधिकार मात्र परत घेता येत नाही. एकनाथांनी भागवताच्या एकादश स्कंधावरील आपली टीका १५७३ साली वाराणसीत पूर्ण केली. तिचे आरंभीचे अध्याय कोणा यात्रिकाने उतरून घेतले आणि ते ग्रंथकर्त्याच्या आधीच काशीस पोहोचले, असे परंपरा सांगते. कथेतील चमत्काराचा भाग बाजूस ठेवला तरी, उतरून घेण्याच्या मोकळीकीवरच आपले वाङ्मय गावोगाव गेले, हे सत्य उरते.

तथापि किंमत आणि मांडणी या दोहोंहून मोठा एक प्रश्न आहे, आणि त्याकडे आपले लक्ष फार कमी जाते. आज लिहिलेला कागद तीस वर्षांनी कोणास वाचता येईल? मोडी लिपीचा अनुभव आपल्यासमोर आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ही लिपी शाळांतून शिकविली जात असे. पुढे शिक्षण थांबले, आणि पेशवे दप्तरातील रुमालच्या रुमाल जाणकार वाचकाची वाट पाहू लागले. कागद शाबूत, शाई शाबूत. वाचणारा मात्र नाही. २०१४ मध्ये मोडीला युनिकोडमध्ये स्थान मिळाले. पण स्थान मिळाल्याने वाचक निर्माण होत नाहीत.

संगणकावरील देवनागरीत हेच संकट फार वेगाने येऊन गेले. उत्तर प्रदेशातील टंकलेखक कृतिदेव टंकात लिहीत. महाराष्ट्रातील मुद्रक श्रीलिपीत. प्रत्येक टंकाचे संकेत निराळे. तो टंक संगणकावर नसेल तर मजकुराच्या जागी निरर्थक चिन्हांची रांग दिसे. म्हणजे काशीतील लेखकाचा मजकूर पुण्याच्या छापखान्यात निर्वेध वाचला जाईलच, असा भरवसा नसे. युनिकोडने हा गोंधळ मिटविला, तरी मराठीच्या वाट्यास काही प्रतीक्षा आलीच: ‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षर त्यात २००८ साली दाखल झाले. जुन्या टंकांतील स्मरणिका आणि प्रबंध मात्र आजही अनेक संस्थांच्या संगणकांत मोडीच्या रुमालांप्रमाणे पडून आहेत.

यावरून निवडीचा क्रम उलटा करावयास हवा. प्रणाली कोणती, हे आधी ठरवू नये. मजकूर कोणत्या स्वरूपात ठेवावयाचा, हे आधी ठरवावे. अक्षरे युनिकोडमध्ये असावीत आणि फायलीची घडण जाहीर मानकानुसार असावी. ओपन डॉक्युमेंट हे असे मानक २००६ पासून आंतरराष्ट्रीय मान्यतेचे आहे. मायक्रोसॉफ्टच्या घडणीसही २००८ मध्ये तशी मान्यता मिळाली; परंतु तिचे सर्व बारकावे इतर प्रणालींना साधत नाहीत, हे तळटिपा आणि तक्ते असलेला प्रबंध एकीकडून दुसरीकडे नेणाऱ्यास ठाऊक असते. भारत सरकारने खुल्या मानकांविषयी २०१० मध्ये आणि मुक्त प्रणालींविषयी २०१५ मध्ये धोरण जाहीर केले. धोरण आहे, सवय लागावयाची आहे.

मुक्त प्रणालीचे दोष झाकण्यात अर्थ नाही. प्रकाशक डॉक्स फाईल मागतो तेव्हा मांडणी विस्कटते. अडचण आली तर दाद मागावयास दुकान नसते. म्युनिक नगरपालिकेने मोठ्या निर्धाराने मुक्त प्रणाली स्वीकारली आणि २०१७ मध्ये परत फिरण्याचा ठराव केला. पुढे २०२४ मध्ये जर्मनीच्याच श्लेसविग-होलस्टाइन राज्याने सुमारे ३०,००० संगणकांवर लिबरऑफिस आणण्याचा निर्णय घेतला. केरळच्या शाळांनी तर कितीतरी आधी मुलांना मुक्त प्रणालींवरच शिकविण्यास आरंभ केला आणि ते निभावले, कारण तेथे शिक्षकांच्या प्रशिक्षणावर श्रम खर्च झाले. यातून निघणारा बोध एवढाच की, मुक्त प्रणाली विनामूल्य मिळते, विनाश्रम मिळत नाही.

तेव्हा काशीतील असो वा इंदूर-बडोद्यातील, लहान मराठी संस्थांनी नित्याच्या कामासाठी मुक्त प्रणाली घ्यावी. प्रकाशकाचा आग्रह असेल तेथे विकतची एखादी प्रत ठेवावी; त्यात कमीपणा नाही. संस्कृत-मराठी लेखनासाठी मुंबईच्या आय.आय.टी.ने सिद्ध केलेला ‘शोभिका’ टंक मुक्तच आहे. मात्र वर्गणीचे जे पैसे वाचतील ते बचत म्हणून जमेस धरू नयेत. ते एखाद्या तरुणास मानधन म्हणून द्यावेत, आणि जुन्या टंकांतील मजकूर युनिकोडमध्ये आणून मूळ छापील प्रतीशी अक्षरशः ताडून घ्यावा. ज्यांनी तो मजकूर टंकित केला ती माणसे अजून आपल्यात आहेत. कोणते अक्षर कोठे बिघडते हे त्यांना विचारता येते. मोडी जाणणाऱ्यांना विचारावयास आपण उशीर केला. या वेळी तसे होण्याचे काहीच कारण नाही.